स्पर्शाचे उत्तरदायित्व

१

'संस्कार' हा मराठी बोलण्यातील अतिशय गृहीत धरला गेलेला शब्द आहे. एखाद्याच्या सौजन्याचे मूळ सांगताना तो वापरला जातो आणि एखाद्याच्या उद्धटपणाचा दोष कोणाच्या पदरी टाकावा हे ठरवतानाही. ओल्या मातीवर उमटलेला ठसा भाजल्यानंतर पुसता येत नाही, या समजुतीवर आपल्याकडील शिक्षणविचार, कुटुंबविचार आणि बराचसा चरित्रविचारही उभा आहे. आत्मचरित्राचे पहिले प्रकरण बालपणाचे असते, ते केवळ कालक्रमाच्या सोयीसाठी नव्हे. पुढच्या सर्व प्रकरणांचे बीज तेथे सापडेल, अशी लेखकाची आणि वाचकाची समान श्रद्धा असते.

या श्रद्धेची कसोटी घेणे मात्र माणसाच्या बाबतीत जवळजवळ अशक्य असते. मुलाचे घर, त्याची जात, त्याच्या ताटातले अन्न, आईचे आरोग्य, वडिलांचा स्वभाव, शाळेची वाट, हे सारे धागे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की त्यांतला एकच बाजूला काढून त्याचा परिणाम दाखवून देता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर हा धागा वेगळा काढला गेला तो प्रयोगशाळेत, पांढऱ्या उंदराच्या पिलावर. त्या प्रयोगांतून जे ज्ञान हाती आले ते आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावले आहे. त्या ज्ञानाने जो नैतिक प्रश्न उभा केला, त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या हाताने पिलू उचलले त्या हाताचे त्या पिलाशी पुढे काही नाते उरते काय, हा तो प्रश्न होय.

२

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सीमोर लेव्हिन यांनी १९५० च्या दशकात हाती घेतलेल्या प्रयोगामागील कल्पना साधी होती. बालपणातील आघात प्रौढ वयात भीती आणि दुबळेपणा निर्माण करतात, हा त्या काळी सर्वमान्य झालेला सिद्धान्त प्राण्यांवर पडताळून पाहावयाचा होता. त्यासाठी नवजात पिलांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटातील पिलांना रोज घरट्यातून उचलून एका पेटीत ठेवीत आणि सौम्य विद्युत्-झटका देत. दुसऱ्या गटातील पिलांना तसेच उचलून त्याच पेटीत, तेवढाच वेळ ठेवीत, पण झटका देत नसत. तिसऱ्या गटातील पिलांना कोणी हातच लावीत नसे. ती आईजवळ, घरट्यात, निर्वेध वाढत. हा तिसरा गट म्हणजे तुलनेचा मापदंड. तो निरोगी आणि स्वाभाविक ठरेल, पहिला गट विस्कटलेला निघेल, अशी अपेक्षा होती.

घडले ते निराळेच. प्रौढ झाल्यावर झटके बसलेली पिले आणि केवळ हाताळलेली पिले जवळजवळ सारखीच वागली. वेगळा पडला तो तिसरा, अस्पर्शित गट. अनोळखी मोकळ्या जागेत सोडल्यावर हे उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसत, भीतीने मलमूत्र विसर्जन करीत. हाताळलेले उंदीर मात्र जागा हुंगत फिरत. पुढे शरीरातील स्रावांचे मापन झाले तेव्हा दोघांतील फरक अधिक नेमका झाला. संकट समोर येताच हाताळलेल्या उंदराच्या शरीरात तणावाचा स्राव चटकन वाढतो आणि संकट सरताच तो चटकन ओसरतो. अस्पर्शित उंदराच्या शरीरात तो रेंगाळत राहतो. पहिल्या प्राण्याला भीतीतून बाहेर पडण्याची वाट ठाऊक असते, दुसऱ्याला ती सापडत नाही.

या परिणामाचा आवाका पुढील संशोधनाने वाढवीत नेला. व्हिक्टर डेनेनबर्ग आणि केनेथ रोझेनबर्ग यांनी १९६७ साली दाखवून दिले की, बालपणी हाताळल्या गेलेल्या मादीच्या नातवंडांच्या हालचालींत आणि वजनातही फरक पडलेला आढळतो. मॉन्ट्रियल येथील मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आयुष्याचे दुसरे टोक तपासले. दोन वर्षांचा उंदीर हा वृद्धच म्हणावयाचा. त्या वयात बालपणी हाताळलेल्या उंदरांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाची झीज कमी झालेली होती आणि वाट लक्षात ठेवण्याची त्यांची शक्तीही अधिक टिकलेली होती. जन्मानंतरचे तीन आठवडे, रोजची काही मिनिटे, आणि त्याची खूण म्हातारपणापर्यंत. 'ठसा' हा शब्द येथे अलंकार राहत नाही.

तथापि, पिलाला माणसाचा हात लागला म्हणून ते धीट झाले, असा याचा अर्थ लावणे घाईचे ठरले असते. पिलू दहा-पंधरा मिनिटे दूर राहून परत आले की घरट्यात काय होते, याकडे संशोधकांचे लक्ष गेले. माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या सूक्ष्म स्वरात पिले ओरडतात. आई त्यांना गोळा करते, अधिक चाटते, अधिक स्वच्छ करते. १९९७ साली मीनी यांच्या गटाने असे दाखवले की, कोणाही माणसाने हात न लावता देखील ज्या माद्या आपल्या पिलांना मुळातच अधिक चाटतात, त्यांची पिले हाताळलेल्या पिलांसारखीच वाढतात. भित्र्या मादीचे पिलू प्रेमळ मादीच्या कुशीत ठेवले, तर ते या नव्या आईच्या वळणावर जाते आणि स्वतः आई झाल्यावर तशीच वागते. २००४ मध्ये या गटाने आणखी खोलवरचा दुवा पुढे मांडला: आईच्या चाटण्याने पिलाच्या मेंदूतील विशिष्ट जनुकावरील रासायनिक खुणा बदलतात, जनुकाची अक्षरे तीच राहतात, पण त्यांचे वाचन बदलते. म्हणजे माणसाचा हात हे निमित्त होते. खरे काम आईच्या जिभेने केले होते. आणि विरहाची मुदत वाढवली, पंधरा मिनिटांऐवजी रोज तीन तास केली, की चित्र बरेचसे उलटते: पिले अधिक घाबरट होतात. मात्रेचा हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. थोडा वियोग आणि नंतरचे अधिक वात्सल्य ही एक गोष्ट आहे. दीर्घ वियोग ही सर्वस्वी दुसरी.

३

या ज्ञानात एक अंतर्विरोध दडलेला आहे. उंदीर प्रयोगासाठी निवडला जातो तो दोन परस्परविरोधी गृहीतांवर. त्याचे शरीर आणि मेंदू माणसाशी पुरेसे मिळतेजुळते आहेत, म्हणून त्याच्यावरील निष्कर्ष उपयोगाचे; आणि तो माणसाहून पुरेसा वेगळा आहे, म्हणून त्याच्यावर प्रयोग करणे क्षम्य. हाताळणीच्या प्रयोगांनी पहिले गृहीत बळकट केले. ते करताना दुसऱ्याचा पाया खचवला. ज्या प्राण्याला बालपण आहे, आईच्या स्पर्शाने ज्याचा स्वभाव घडतो, ज्याच्या भीतीला इतिहास आहे, तो प्राणी केवळ साधन उरत नाही. प्रयोग जितका यशस्वी, तितका प्रयोगाचा अधिकार संशयास्पद.

भारतात हा प्रश्न केवळ तात्त्विक पातळीवर राहिलेला नाही. दिल्लीतील वैद्यकीय संशोधनाशी उंदराचा संबंध जुना आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाविज्ञान विभागाची उभारणी करणारे बी. के. आनंद यांची जागतिक ओळख झाली ती १९५१ साली अमेरिकेत जॉन ब्रोबेक यांच्यासह उंदराच्या मेंदूतील भुकेचे केंद्र दाखवून देण्यामुळे. आज राजधानीच्या परिसरात, थेट मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रापर्यंत, जीवविज्ञानाच्या अनेक संस्था आहेत. आणि याच शहरात, संसदेत, प्राण्यांच्या वेदनेचा कायदाही घडला. १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झालेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी खाजगी विधेयक मांडले. सरकार स्वतः कायदा आणील, असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. त्याची परिणती प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात झाली.

या अधिनियमाचा प्रयोगांविषयीचा भाग एखाद्या वाङ्मयीन संहितेसारखा बारकाईने वाचण्याजोगा आहे. कलम १४ अन्वये शरीरविषयक नवे ज्ञान मिळविण्यासाठी, जीव वाचविण्यासाठी किंवा रोग आणि यातना दूर करण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदा ठरत नाहीत. कलम १५ नियंत्रणासाठी समितीची तरतूद करते. कलम १७ समितीने कोणत्या गोष्टी पाहाव्यात ते सांगते: प्रयोग काळजीने आणि माणुसकीने व्हावेत, शक्यतो बधिरीकरण असावे, पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे प्रयोग टाळावेत, केवळ हात बसण्यासाठी प्रयोग करू नयेत. याच कलमात असेही म्हटले आहे की, गिनिपिग, ससा, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर प्रयोग करून तोच निष्कर्ष मिळत असेल, तर मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत.

हे वाक्य सदिच्छेने लिहिले आहे, यात शंका नाही. परंतु त्याने दुःख कमी होत नाही. ते मोठ्या देहाकडून लहान देहाकडे सरकते. माकड किंवा कुत्रा यांच्या डोळ्यांत माणसाला ओळखीचे काही दिसते. उंदराच्या डोळ्यांत ते दिसत नाही. कायद्याने करुणेचे माप आकाराशी जोडले आहे, आणि समाजाची सर्वसाधारण भावनाही तशीच आहे. हाताळणीच्या प्रयोगांनी नेमका हाच आधार काढून घेतला. ज्याच्याकडे दया वळविण्यासारखे काही नाही असे मानले गेले, त्याच्याच ठायी मातृत्वाची आणि बालपणाची इतकी नाजूक व्यवस्था आढळली.

कायद्याची दुसरी मर्यादा काळाची आहे. १९९८ साली, मनेका गांधी या समितीच्या अध्यक्ष असताना, प्राण्यांची पैदास आणि त्यांवरील प्रयोग यांसंबंधीचे नियम आले. संस्थांमध्ये नीतिसमित्या आवश्यक झाल्या आणि त्यांत विज्ञानाबाहेरील, सामाजिक जाण असलेल्या व्यक्तीलाही स्थान मिळाले. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली प्रतिस्थापन, न्यूनीकरण आणि परिष्करण ही तीन तत्त्वे जगभर मान्य झाली आहेत. भारतीय मार्गदर्शक सूत्रांनी त्यांत पुनर्वसनाचे चौथे तत्त्व जोडले. ही प्रगती लहान नाही. तरीही या व्यवस्थेची नजर मुख्यतः प्रयोगाच्या क्षणावर असते: सुई टोचली तेव्हा वेदना किती झाली, शस्त्रक्रियेच्या वेळी प्राणी बेशुद्ध होता की नाही. पंधरा मिनिटांच्या वेदनाहीन स्पर्शाने आयुष्याची दिशा बदलते, हे ज्ञान या मोजमापात कोठे बसवावयाचे? आणि पुनर्वसनाचे तत्त्व उंदरापर्यंत क्वचितच पोहोचते, कारण ज्याचा मेंदू तपासावयाचा असतो त्याच्या बाबतीत प्रयोगाचा शेवट बहुधा मृत्यूनेच होतो.

राज्यघटनेतही हा ताण दिसतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत एका पोटकलमात सजीवांविषयी करुणा बाळगण्यास सांगितले आहे, तर लगेच पुढच्या पोटकलमात वैज्ञानिक दृष्टी, मानवतावाद आणि शोधक बुद्धी विकसित करण्यास. ही दोन कर्तव्ये एकमेकांच्या शेजारी बसली आहेत. त्यांतील भांडण कसे सोडवावे, हे घटना सांगत नाही. ते नागरिकाच्या विवेकावर सोपवलेले आहे.

४

या विवेकाला मराठी परंपरेत काही आधार सापडतो काय? ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अहिंसेचे विवेचन या संदर्भात पुन्हा वाचावयास हवे. ज्ञानदेव तेथे प्रथम हिंसेवर उभ्या असलेल्या धर्माचा समाचार घेतात आणि त्याच ओघात आयुर्वेदाकडे वळतात: एका जिवाला वाचविण्यासाठी दुसऱ्या जिवांचा घात करण्याची ही रीत त्यांना खटकते. प्राण्यांवरील प्रयोगांविषयीचा आजचा संपूर्ण वाद, विज्ञानाच्या परिभाषेविना, तेराव्या शतकात असा उपस्थित झालेला आहे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते पुढचे चित्रण. अहिंसक पुरुषाचे लक्षण सांगताना ज्ञानदेव सिद्धान्त मांडीत बसत नाहीत. त्याचे चालणे, पाहणे, बोलणे आणि हातांची हालचाल यांचे वर्णन करतात. त्याच्या पावलांच्या मऊपणासाठी ते जी उपमा देतात ती मांजरीची आहे: पिलाला दातांत धरून नेताना तिच्या दातांची टोके त्याला जशी लागतात, तसे हे पाऊल. शिकार फाडणारे तेच दात येथे पिलाला वाहून नेतात. साधन बदललेले नाही. धरण्याची रीत बदलली आहे. हातांविषयी बोलतानाही, ते नुसते निश्चल राहावेत एवढ्यावर ज्ञानदेव थांबत नाहीत. अभय देण्यासाठी हात उचलावा, आर्ताला अगदी हलकेच स्पर्श करावा, इतका अवकाश ते ठेवतात. म्हणजे ज्ञानदेवांची अहिंसा ही स्पर्शाचा त्याग नव्हे, स्पर्शाची शिस्त आहे.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे रुग्णालय या शिस्तीचा एक दृश्य नमुना म्हणून पाहता येईल. जखमी कबुतरे, पोपट, चिमण्या तेथे आणल्या जातात, त्यांवर उपचार होतात, बरे झालेले पक्षी सोडून दिले जातात. मांसाहारी शिकारी पक्ष्यांवरही उपचार होतात, पण त्यांना इतर पक्ष्यांबरोबर दाखल करून घेत नाहीत. बाहेरच्या बाहेर औषधपाणी करून पाठवतात. या व्यवस्थेतील पेच बोलका आहे. करुणा सर्वांसाठी असली तरी तिला व्यवहारात भिंती उभाराव्या लागतात. अहिंसेलाही नियोजन करावे लागते, आणि नियोजन म्हणजे निवड. प्रयोगशाळेचे प्राणिगृह आणि मंदिराचे पक्षिगृह यांची तुलना वरवर विसंगत वाटेल. पण दोन्ही ठिकाणी असहाय जीव माणसाच्या हातात असतो आणि दोन्ही ठिकाणी त्या हाताने काय करावे याचे नियम असतात. फरक हेतूचा आहे. पक्ष्याला हात लावला जातो तो त्याच्यासाठी. उंदराला लावला जातो तो दुसऱ्या कोणासाठी.

५

लेव्हिन यांच्या प्रयोगातील सर्वांत विचारप्रवर्तक गोष्ट झटका बसलेला गट ही नाही, अस्पर्शित गट ही आहे. विज्ञानाने ज्याला 'काहीच न केलेला' गट मानले, त्याच्या बाबतीत वस्तुतः बरेच काही घडत होते. प्रयोगशाळेतील पिंजरा हा निसर्ग नाही. रानातील मादी अन्नासाठी घरटे सोडते, परत येते. थोडा वियोग तेथे रोजच्या जगण्याचाच भाग असतो. पिंजऱ्यात अन्न समोर असते, वियोग नसतो, वाराही लागत नाही. म्हणून हात न लावलेले पिलू स्वाभाविक नसून वंचित असू शकते, हा विचार पुढे आला. तात्पर्य असे की, ज्या जिवाला आपण एकदा आपल्या भिंतींत आणले, त्याच्या बाबतीत 'न करणे' ही तटस्थ कृती उरत नाही.

हा हात पुढेही नाना प्रकारे बोलत राहिला. लिव्हरपूल येथील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवले की, छोट्या उंदराला शेपटीला धरून उचलण्याऐवजी नळीतून किंवा मोकळ्या ओंजळीतून उचलले, तर त्याची भीती लक्षणीय कमी होते. २०१४ मध्ये जेफ्री मोगिल यांच्या गटाने पुरुष संशोधकाच्या नुसत्या गंधानेही उंदरांत तणाव वाढतो असे निदर्शनास आणले. याचा अर्थ, अनेक दशकांच्या प्रयोगांत एक अनोंदलेला घटक हजर होता: उचलणारा माणूस. निरीक्षक स्वतःला निकालातून वगळीत होता. उंदराचे शरीर त्याला वगळीत नव्हते. येथे नीती आणि ज्ञान यांची वाट एकच होते. पिंजऱ्याची साफसफाई करणाऱ्या, पाणी बदलणाऱ्या, पिले मोजणाऱ्या प्राणिगृहातील कामगाराचे नाव शोधनिबंधाच्या शीर्षाखाली येत नाही. परंतु त्याच्या हाताचा मऊपणा किंवा घाई निष्कर्षांत उतरलेली असते.

'अस्पर्श' हा शब्द मराठी वाचकाला तटस्थपणे वाचता येत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. ज्या समाजाने माणसांना शतकानुशतके स्पर्शाबाहेर ठेवले, त्याने 'आम्ही त्यांना काही केले नाही' असाच स्वतःचा बचाव केला होता. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास आई श्यामला पाठवते आणि परत आल्यावर तो स्नान करतो. करुणा आणि रूढी यांच्यामधली ती अर्धी पायरी त्या काळाचे अचूक चित्र आहे. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध करण्याची गरज नाही आणि तसे करणे औचित्याला धरूनही होणार नाही. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाला प्रयोगशाळेच्या पुराव्याची आवश्यकता नव्हती. एवढेच म्हणावयाचे की, स्पर्श नाकारणे हीसुद्धा एक कृती आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागतो, ही जाणीव महाराष्ट्राला प्रयोगशाळेच्या आधी दुसऱ्या आणि अधिक वेदनामय मार्गाने झालेली आहे.

६

या ज्ञानाची परतफेड माणसाच्या बाळांपर्यंत पोहोचली, ही गोष्ट प्रश्नाला आणखी अवघड करते. आईपासून दूर केलेल्या उंदराच्या पिलांची वाढ खुंटते आणि ओल्या कुंचल्याने त्यांचे अंग चोळले की ती पूर्वपदावर येते, असे सॉल शॅनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत आढळले. त्याच धाग्यावर टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मालिश करून पाहिले; तेवढेच दूध पिऊनही त्यांचे वजन अधिक वाढले. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या मराठी घरांना यात नवे काही वाटणार नाही. परंतु रुग्णालयाला ते नवे होते, कारण तेथे अशक्त बाळाला हात न लावणे हीच दक्षता मानली जात होती.

दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाचा अनुभव या दृष्टीने मननीय आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे, काचपेट्यांच्या टंचाईतून, एडगर रे यांनी सुरू केली. तिचा उगम उंदरांच्या प्रयोगात नाही. तथापि अतिशय कमी वजनाच्या बाळांची प्रकृती स्थिर होईपर्यंत त्यांना आईपासून वेगळे, अतिदक्षता कक्षात ठेवावे, असाच प्रघात होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत येथील पाच रुग्णालयांत हा प्रघात तपासण्यात आला. भारतातील केंद्र सफदरजंग होते. एक किलो ते १.७९९ किलो वजनाच्या ३,२११ बाळांपैकी एका गटाला जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवले, दुसऱ्या गटाला रूढ पद्धतीने. आईजवळ ठेवलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के होते, दुसऱ्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होऊ लागला की देखरेख मंडळाच्या शिफारशीवरून चाचणी नियोजित वेळेपूर्वीच थांबविण्यात आली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले.

या थांबण्यात नैतिक विचाराचे सार आहे. तुलनेसाठी ठेवलेला गट आता निष्पाप राहिलेला नाही, त्याला वंचित ठेवणे म्हणजे जाणूनबुजून हानी करणे होईल, हे ज्या क्षणी कळले त्या क्षणी ज्ञानाची भूक आवरण्यात आली. माणसाच्या बाळांच्या बाबतीत असा क्षण येतो. उंदराच्या पिलांच्या बाबतीत तो येत नाही. तेथे कळल्यानंतरही वियोगाचे प्रयोग चालू राहतात, कारण वियोग हाच तेथे अभ्यासाचा विषय असतो. या दोन वागणुकींमधील अंतर समर्थनीय आहे असे मानणाऱ्यांनी त्याचे कारण सांगितले पाहिजे, आणि 'तो उंदीर आहे' एवढे कारण आता पुरेसे राहिलेले नाही.

त्याचबरोबर या संशोधनाच्या आधारे काढल्या जाणाऱ्या ढोबळ निष्कर्षांपासूनही सावध राहावयास हवे. बालपणीचा ठसा अमिट आहे असे म्हटले की, पुढची पायरी आईला दोषी ठरविण्याची असते. आणि आपल्या समाजात ती पायरी फार लवकर ओलांडली जाते. मजुरीवर जाणाऱ्या, बाळाला झोळीत ठेवून विटा वाहणाऱ्या स्त्रीला प्रयोगशाळेचा दाखला देऊन वात्सल्य शिकविणे हा क्रूर विनोद होईल. प्रयोगांनीही असे सांगितलेले नाही. दीर्घ वियोग सोसलेल्या पिलांना वाढत्या वयात खेळण्या-फिरण्यास समृद्ध जागा मिळाली, तर तणावाला त्यांचे शरीर देत असलेला प्रतिसाद बऱ्याच अंशी सुधारतो, असे २००२ मध्ये मीनी यांच्याच गटाने दाखवले. शिवाय कमी चाटल्या गेलेल्या पिलांची शिकण्याची शक्ती तणावाच्या स्थितीत उलट अधिक चांगली ठरते, असाही पुरावा २००८ मध्ये पुढे आला. ज्याला 'बिघाड' म्हटले जाते ती कदाचित कठोर जगासाठी झालेली तयारी असते. मग दोष आईच्या जिभेचा, की ते जग कठोर ठेवणाऱ्यांचा, असा प्रश्न विचारणे अधिक न्याय्य आहे.

७

प्राण्यांवरील प्रयोग सरसकट बंद करावेत, या भूमिकेत नैतिक स्पष्टता आहे; पण ती घेणाऱ्याला सफदरजंगमधील बाळासमोर उभे राहून बोलता आले पाहिजे. प्रयोग आवश्यक आहेत एवढे म्हणून थांबणाऱ्या भूमिकेत व्यवहार आहे. पण ती घेणाऱ्याला आईने गोळा केलेल्या पिलांसमोर बोलता आले पाहिजे. या दोहोंमध्ये एक तिसरी जागा आहे आणि ती ऋणाची आहे. भारतीय विचारात ऋण ही कल्पना गुन्ह्याहून वेगळी आहे. देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण माणूस काही अपराध केल्यामुळे जन्मतः घेऊन येत नाही. दुसऱ्याकडून मिळाले, म्हणून ते असते. फेडण्याचे मार्ग असतात, पण 'फिटले' असे सहज म्हणता येत नाही. या तीन ऋणांच्या यादीत उंदराचे नाव नाही. आधुनिक माणसाच्या आयुष्यातील औषध, लस, उपचार यांपैकी कितीतरी गोष्टी त्याच्या देहावरून आलेल्या आहेत, हे पाहता ते नसणे ही यादीची अपूर्णता मानावी लागेल.

हे ऋण मान्य करण्याचे परिणाम व्यवहारात फार मोठे नाहीत, पण निश्चित आहेत. शेपटीऐवजी ओंजळीतून उचलणे. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच मिळालेले आहे त्यासाठी पुन्हा पिले वेगळी न करणे. प्राणिगृहातील कामगाराच्या हाताला संशोधनाचा भाग मानणे आणि त्याला तसे शिक्षण व सन्मान देणे. नीतिसमितीतील विज्ञानाबाहेरच्या सदस्याने सही करण्यापूर्वी प्रश्न विचारणे. यांतील एकही गोष्ट विज्ञानाला अडवीत नाही. उलट हर्स्ट आणि मोगिल यांच्या निष्कर्षांनंतर यांतील काहींच्या अभावी निघालेले विज्ञानच संशयास्पद ठरते.

स्पर्श हा परतून घेता न येणारा व्यवहार आहे. बोललेला शब्द निदान विसरला जातो किंवा त्याचा अर्थ नव्याने लावता येतो. पिलाला भाषा नाही, म्हणून त्याला विसरण्याचे हे साधनही उपलब्ध नाही. त्याचे शरीरच त्याची आठवण असते. संशोधक आपली वही मिटतो, पदवी मिळते, निबंध छापला जातो, आणि पिंजऱ्यातील प्राण्याच्या रक्तात तो स्पर्श दोन वर्षांनंतरही मोजता येतो. ज्याच्या शरीरात आपण इतका काळ राहतो, त्याच्याशी आपला संबंध नाही असे म्हणण्याची मुभा आता कोणाला उरलेली नाही.